उरलेल्याचा धनी कोण?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा किंवा बदलापूरच्या एखाद्या मॉड्युलर किचनच्या गाळ्यात, सगळे हिशेब एकाच मापापासून सुरू होतात: आठ बाय चार. प्लायवूडची शीट 2440 मिलिमीटर लांब आणि 1220 रुंद. ओट्याखालच्या कपाटाची एक बाजू 600 बाय 720 धरली, तर एका शीटमधून अशा सहा बाजू निघतात. रुंदीत दोन, लांबीत तीन. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी राउटरचं कटर 6 मिलिमीटरचं असेल, तर प्रत्येक कापात तेवढ्या रुंदीचा भुसा होतो, तोही धरायचा. सहा बाजू कापून झाल्या की शीटचं 87 टक्के लाकूड कामी आलेलं असतं आणि एका टोकाला सुमारे 26 सेंटीमीटर रुंदीची पट्टी उरते. ती कोणाची?

प्रश्न भंगारवाल्याच्या काट्यावर सुटण्यासारखा दिसतो. पण तो फार जुना आहे, आणि तो एकदा यज्ञाच्या जागेवरही विचारला गेला होता.

आधी यंत्राचं काम समजून घ्यायला हवं. सुतार पूर्वी पेन्सिल आणि गुण्या घेऊन जी मांडणी शीटवर करायचा, ती आता संगणक करतो; गाळ्यात तिला नेस्टिंग म्हणतात. चौकोनी भागांपुरतं हे सोपं आहे. पण अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत लेझरखाली येणारे पत्र्याचे भाग वाकडेतिकडे असतात. दोन आकार एकमेकांना न छेदता किती जवळ येऊ शकतात, हे संगणक आधी प्रत्येक जोडीसाठी काढतो. मग भाग फिरवून, क्रम बदलून, हजारो मांडण्या करून पाहतो आणि बऱ्या मांडण्यांचं मिश्रण करून त्यांची पुढची पिढी तयार करतो. लाकडाला शिरा असतील तर फिरवण्याची मोकळीक कमी होते. या विद्येच्या मुळाशी प्लायवूडच आहे, हे विशेष. लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाने आपली अडचण लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे आणली. त्यातून 1939 साली निघालेल्या पुस्तिकेत कापकामातला तोटा कमी कसा करावा याचंही गणित होतं. 1975 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही भाग पुष्कळ असले की सर्वोत्तम मांडणी हीच, अशी खात्री कोणताही संगणक व्यवहारात देऊ शकत नाही. तो शोधत राहतो आणि कुठे थांबायचं ते माणूस सांगतो.

काही ठिकाणी तर उरणं अटळच असतं. पत्र्यातून एकाच मापाच्या गोल चकत्या कापायच्या असतील, तर त्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींच्या खोबणीत बसवल्या तरी पत्र्याचा 90.69 टक्क्यांहून जास्त भाग व्यापता येत नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. उरलेल्या नऊ टक्क्यांत आळस नाही, निष्काळजीपणा नाही; वर्तुळ वर्तुळ असल्यामुळे ते उरतात.

वैदिक यज्ञकर्त्यांनी या अडचणीतून वेगळी वाट काढली होती. बौधायनाच्या शुल्बसूत्रातली श्येनचिती, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची वेदी, पाच थरांची असते. प्रत्येक थरात 200 विटा, एकूण 1000. क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष (पुरुष हे लांबीचं जुनं माप). वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येता कामा नयेत, असाही दंडक. ही वेदी कणभरही जागा न सोडता भरते, कारण विटाच तिच्या मापाने पाडलेल्या असतात. सुताराला ही सोय नाही. शीट कारखान्याने ठरवलेली, कपाट गिऱ्हाइकाने ठरवलेलं. या दोन परक्या मापांच्या मधे त्याला वाट काढायची असते.

पण विटा नेमक्या बसल्या तरी यज्ञ संपल्यावर त्या जागेवर काही ना काही उरतंच. ऐतरेय ब्राह्मणात नाभानेदिष्ठाची गोष्ट आहे. भावांनी वाटणी केली आणि गुरुगृही असलेल्या नाभानेदिष्ठाला वगळलं. मनूने, त्याच्या वडिलांनी, त्याला अंगिरस ऋषींच्या सत्राला, म्हणजे दीर्घ यज्ञाला, पाठवलं. तिथे त्याने त्यांना अडलेलं ज्ञान दिलं आणि स्वर्गाला जाताना ते मागे राहिलेल्या हजार गायी त्याला देऊन गेले. तो गायी गोळा करत असताना उत्तरेकडून काळी वस्त्रं ल्यालेला एक पुरुष आला आणि म्हणाला, यज्ञभूमीवर उरलेलं सगळं माझं. नाभानेदिष्ठ वडिलांना विचारायला परत गेला. मनूने सांगितलं, त्याचं म्हणणं खरं आहे. मुलाने येऊन तसं कबूल केलं, आणि खरं बोलल्याबद्दल त्या पुरुषाने, म्हणजे रुद्राने, गायी त्यालाच देऊन टाकल्या. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उरलेल्यालाच उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे. नाम, रूप आणि सगळं जग त्याच्यावर टेकलेलं आहे, अशी त्याची कल्पना आहे.

अंबरनाथचं शिवमंदिर या रुद्राचंच. शेजारून वालधुनी नदी वाहते, आणि पुढे उल्हासनगरातून जाते.

पण उरलेल्याला देवाचा वाटा म्हणण्याची घाई करून चालणार नाही. उरलेलं पवित्र, असं म्हणणं वेदीजवळ बसलेल्याला सोपं आहे. याच भूमीत पिढ्यान्पिढ्या काही माणसांच्या वाट्याला उरलेलंच आलं, तेही मागून, वाकून. मार्च 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उष्टं-शिळं खाणं आणि मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडायला सांगितलं. नाभानेदिष्ठाच्या गोष्टीत उरलेल्यावर रुद्राचा हक्क आहे आणि तो हक्काने देतो. महाडला ज्याचा धिक्कार झाला, त्यात हक्काचा मागमूस नव्हता. दोन्हीकडे वस्तू उरलेलीच, पण एकीकडे तो वाटा आहे आणि दुसरीकडे अपमान. हा फरक, घेणारा माणूस मांडणी करताना हिशेबात होता की सगळं संपल्यावर आठवला, यातून पडतो.

नेस्टिंगमधली सर्वांत खोल गोष्ट नेमकी इथेच आहे, आणि टक्क्यांच्या आकड्यात ती दिसत नाही. वरच्या शीटवर 13 टक्के उरले, ते बहुतेक एका पट्टीत. त्या पट्टीतून ड्रॉवरच्या बाजू निघतात. तेच 13 टक्के सहा बाजूंच्या मधे अरुंद फटींत विखुरले असते, तर टक्का तोच राहिला असता आणि कामाचं काहीच उरलं नसतं. चांगल्या सॉफ्टवेअरला हे सांगता येतं: उरेल ते शक्यतो एका जागी, एका मोठ्या चौकोनात ठेव. म्हणजे उरलेल्याचा आकार नशिबाने येत नाही; पहिला भाग शीटवर टेकवतानाच तो ठरत जातो. आपल्या गरजेची मांडणी करणारा माणूस त्याच क्षणी दुसऱ्याच्या वाट्याचीही मांडणी करत असतो, त्याला कळो वा न कळो.

उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात हेच कापडावर घडतं. टेबलावर डेनिमचे थर अंथरायचे, वर मार्कर, म्हणजे मांडणीचा कागद, पसरायचा, उभ्या धाग्याची दिशा सांभाळून पाय, खिसे, पट्टे बसवायचे. उरते ती चिंधी. चिंधीचं पुढे काय करायचं, याचं एक जुनं उत्तर बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, विनयपिटकात, आहे. तिथे कौशांबीचा राजा उदयन बुद्धाच्या शिष्याला, आनंदाला, विचारतो, एवढी पाचशे वस्त्रं घेऊन काय करणार? आनंद सांगतो, ज्या भिक्षूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं, विरली त्यांना देऊ. जुनी चीवरं अंथरुणावर घालू, ती विरली की जमिनीवर, मग पाय पुसायला, मग धूळ झाडायला. शेवटी तुकडे करून चिखलात मळू आणि जमीन सारवू. आनंदाच्या उत्तरात प्रत्येक टप्प्याला पुढचा धनी आधीच ठरलेला आहे.

जिथे तो ठरलेला नसतो तिथे काय होतं, हे वालधुनीकाठी राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. 2014 च्या अखेरीस नदीत बेकायदा ओतलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. जीन्स धुण्याच्या पाण्याचा निळा रंग याच पात्रात उतरत होता. लाकडाचंही तेच. मुंबईच्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत फर्निचरचं भंगार लाकूड जळत आलं आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या. प्लायमध्ये डिंक असतो, डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड, आणि ते धुरातून कोणाच्या तरी छातीत जातं.

जॉबवर्कच्या गाळ्यांत निदान पत्र्यापुरता हा प्रश्न कागदावर आला आहे. माल पार्टीचा, कापणारा दुसरा. 2017 च्या जीएसटी कायद्याच्या 143 व्या कलमात भंगाराचाही विचार आहे: जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर तो कर भरून ते आपल्या जागेवरूनच विकू शकतो, नसेल तर मूळ मालकाने विकायचं. नीट चालणाऱ्या गाळ्यात मोठ्या उरलेल्या तुकड्यावर जाडी, माप आणि पार्टीचं नाव मार्करने लिहून तो पुन्हा स्टॉकमध्ये चढवतात, आणि पुढचं काम आधी त्यावर बसतं का ते पाहतात.

भुशाचं मात्र कोणी नाव लिहीत नाही. 18 मिलिमीटरच्या शीटमधून त्या सहा बाजू कापताना साध्या हिशेबाने जवळपास चारशे ग्रॅम लाकूड भुसा होतं. नेस्टिंगच्या टक्केवारीत ते निव्वळ तोटा म्हणून मिटवलं जातं. लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड, दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणलं आहे. राउटरजवळ दिवसभर उभा राहणारा मुलगा या उरलेल्याचा एकमेव धनी ठरतो, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. धूळ ओढणारं यंत्र आणि चांगला मास्क यांचा खर्च म्हणूनच कापण्याच्या दरातच धरायला हवा, कटरची झीज धरतात तसा, पहिली शीट टेबलावर चढण्याआधी.