खोडणे आणि वगळणे

खोडणे आणि वगळणे यांत पाप कोणते मोठे, हे धर्मशास्त्राला विचारायला हवे. आम्हा कॉमर्सवाल्यांना खोडण्याची शिस्त मात्र पहिल्याच वर्षी लावतात. खतावणीतला आकडा चुकला तर रबर लावायचे नाही. आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. गुन्हा, प्रायश्चित्त आणि गुन्हेगार, तिघे एकाच ओळीत! १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही हे सोवळे लागू झाले आहे; प्रत्येक फेरफाराची नोंद मागे उरलीच पाहिजे.

आता पर्लचे पाहा. लॅरी वॉल या गृहस्थांनी १९८७ साली जन्माला घातलेली ही संगणकाची भाषा. मजकूर निवडण्या-पाखडण्यात बाई मोठी सुगरण. पण तिला म्हटले, "या फायलीतल्या नको त्या ओळी काढ," तर ती एकही ओळ खोडत नाही. फाइल म्हणजे अक्षरांची सलग माळ. मधले चार मणी काढले तर मागचे सगळे पुढे सरकवा. हा उपद्व्याप सांगितलाय कुणी? ती आपली वरून एकेक ओळ वाचते, हवी ती नव्या फायलीत उतरवते, नको ती उतरवत नाही. आणि नव्या फायलीला नाव जुनीचेच! 'आय' नावाचा स्विच दिला की हे सारे परस्पर होते. त्याला 'बॅक' असे शेपूट जोडले तर जुनी प्रत जपली जाते. नाही तर गेलीच म्हणायची.

म्हणजे मारले कुणालाच नाही, फक्त पुढच्या वहीत घेतले नाही. ओळखीचे वाटते ना? आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी दरवर्षी गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवतात. ज्या काकूंचे यजमान गेले त्यांचे नाव कुणी खोडत नाही हो! एवढे निर्दय कोण आहे? ते नुसते उतरत नाही. चार वर्षांनी पाहावे तर यादी कशी स्वच्छ! रेघ नाही, डाग नाही, सही नाही. जाब विचारायचा कुणाला?

म्हणून मी वगळण्याला मोठे पाप म्हणतो. खोडणाऱ्याला निदान सही करावी लागते. वगळणाऱ्याचे हात कोरडे राहतात. पर्लला बोल लावण्यात अर्थ नाही. कोणती ओळ उतरवायची नाही, हे तिला माणूसच सांगतो. जुनी यादी कुणी जपली असेल, तर काकूंचे नाव तिच्यात अजून आहे. परत उतरवायला एकच ओळ लागते.