घरातला विटाळ

उपासक-उपासिकांनो,

ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्माची वाट दाखवली. तरी आपल्याच कित्येक घरांत ‘कावळा शिवला’ म्हणून लेकीला चार दिवस बाजूला बसवतात. माझ्या घरीही तेच झाले. मुलीला पहिली पाळी आली, तेव्हा आईने तिला वंदनेला बसू दिले नाही. पोर दाराबाहेरून त्रिशरण म्हणत होती. मी शिकलेला मास्तर, पण गप्प राहिलो. त्याची मला लाज वाटते.

पाळी म्हणजे गर्भाशयाचे अस्तर सुटून येणे. त्यात पाप कसले? संयुत्तनिकायात भगवंतांनी स्त्रियांच्या वाट्याला येणारी पाच दुःखे सांगितली. त्यांत पाळी आहे. तथागतांनी तिला दुःख म्हटले, विटाळ म्हटले नाही. दुःख असेल तिथे करुणा हवी.

ही करुणा कृतीत यावी. पाळीची घडी लाजेने अंधारात वाळवू नका. साबणाने धुऊन कडक उन्हात घाला. पोर शाळेत जाऊ द्या. अंगावरून घाण वासाचे पांढरे जात असेल, खाज सुटत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टरीणबाईंना दाखवा.

मी आईशी बोललो आहे. येत्या पौर्णिमेला पाळी असो वा नसो, मेणबत्ती माझी मुलगीच लावील. तुमच्या घरी कोण लावणार?

जयभीम.