भाडेवाढीचा पूर्वपक्ष

पिंपरी-चिंचवडमधील रहाटणीसारख्या उपनगरात, जिथे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश येथून भोसरी, तळवडे व चाकणच्या कारखान्यांत रोजगारासाठी आलेल्या असंख्य कुटुंबांचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत उभा राहिला आहे, तिथे अकरा महिन्यांचा करारनामा संपत आला की पुढील वर्षाचा आकडा वरून येतो, आणि तो मान्य करणे किंवा बिऱ्हाड हलवणे यांपलीकडे तिसरा मार्ग भाडेकरूला सहसा उरत नाही. हा आकडा योग्य की अयोग्य याची चर्चा अर्थशास्त्रज्ञ करोत. मला त्याच्याही अगोदरचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या मिळकतीतून ही वाढ द्यावयाची आहे त्याला, वाढ ठरण्यापूर्वी, विचारणे हे मालकाचे औदार्य आहे की त्याचा धर्म आहे?

या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर अपुरे आहे. मुंबई इलाख्यात 1947 साली झालेल्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने प्रमाणित भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले, आणि अर्धशतक लोटले तरी ते तसेच राहिल्याने दुरुस्तीला पैसा नसलेल्या इमारती मालक आणि भाडेकरू या दोघांच्याही डोक्यावर झिजत गेल्या. ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि त्याने वर्षाला 4 टक्के वाढीचा हक्क मालकास दिला. परंतु शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या वास्तू याच अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे नगरपालिका किंवा महानगरपालिका स्वतः घरमालक असेल, तर तिला या अधिनियमाचे बंधन नाही. जी संस्था लोकांच्या मतांवर उभी आहे तिने आपल्याच भाडेकरूला त्याचे मत विचारावे, असा दंडक त्या अधिनियमात नाही. स्कॉटलंडच्या 2001 सालच्या गृहनिर्माण कायद्याने मात्र सार्वजनिक मालकीच्या घरांचे भाडे वाढवण्यापूर्वी संबंधित भाडेकरूंचा विचार घेणे आणि त्यांचे म्हणणे ध्यानात ठेवणे मालक संस्थेवर बंधनकारक केले आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. भाडेकरूला विचारले तर तो ‘वाढवू नका’ असेच म्हणणार. मग उत्तर आधीच ठाऊक असताना प्रश्नाचे सोंग कशाला? या आक्षेपाचे निराकरण आपल्याच शास्त्रपद्धतीत आहे. मीमांसकांच्या अधिकरणात विषय आणि संशय मांडल्यावर पूर्वपक्ष यावा लागतो आणि मगच सिद्धांताची पायरी येते. पूर्वपक्षाला सिद्धांत ठरवण्याचा अधिकार नसतो, पण त्याला वगळून केलेला सिद्धांत शास्त्र मानत नाही. न्यायसूत्रांत तत्त्वनिर्णयासाठी चालणाऱ्या ‘वादा’ला केवळ जयासाठी चालणाऱ्या ‘जल्पा’पासून वेगळे केले आहे, आणि त्या भेदाचे मर्म असे की, वादाला बसणाऱ्याने स्वतःचे मत सोडण्याची तयारी ठेवूनच बसावे. ज्या सभेत आकडा आधी छापून आणला जातो आणि नंतर ‘काही सूचना?’ असे विचारले जाते, ती सभा वादाची नव्हे. आणि भाडेकरूच्या ठायी जे ज्ञान असते ते मालकाकडून येणे शक्यही नाही. कारखान्यातील जादा पाळी केव्हा बंद झाली, कंत्राटी कामगाराला नोकरीत खंड देऊन पुन्हा केव्हा घेतले, पाणी आठवड्यात किती दिवस येते, या गोष्टी त्या घरात राहणाराच जाणतो. एका बाजूने पाहिलेले सत्य पूर्ण नसते हे जैन अनेकान्तवादाचे प्रतिपादन या छोट्या व्यवहारातही तितकेच लागू पडते.

न विचारता ठरवलेल्या आकड्याचे काय होते, याचे अत्यंत बोलके उदाहरण पुणे जिल्ह्याच्याच जमाबंदीच्या इतिहासात आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने 1830 च्या सुमारास, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडविषयक सिद्धांत प्रमाण मानून, पुणे जिल्ह्यातील जमिनींची मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाचा 55 टक्के हिस्सा सरकारी सारा म्हणून ठरवला. गणित तर्कशुद्ध होते. परंतु खालच्या अंमलदारांनी पुरवलेली माहिती सदोष होती, आणि प्रत्यक्ष रयतेची ऐपत त्या गणितात कोठेच नव्हती. जमिनी पडीक पडल्या, कित्येक कुळे गाव सोडून गेली. पुढे विंगेट व गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरात तो सिद्धांत बाजूला ठेवून, गावांनी तोवर वस्तुतः किती भरले होते हे पाहून, तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. प्रिंगल दुष्ट नव्हता. त्याने फक्त रयतेची कैफियत ऐकली नाही, आणि तेवढ्याने त्याच्या पांडित्याचे मोल शून्य झाले.

रहाटणीच्या बाबतीत या गोष्टीचे महत्त्व अधिकच आहे. उद्योगनगरीतील कामगारांना निवारा मिळावा याच हेतूने 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, या परिसरातील जमिनी त्यासाठी संपादित झाल्या, आणि 2021 मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याची मालमत्ता व जबाबदारी महानगरपालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्याकडे गेली. जमीन सार्वजनिक हेतूने घेतली गेली असेल, तर तिच्यावर राहणाऱ्याशी असलेले नातेही सार्वजनिक ठरते. गांधींनी मालकाला विश्वस्त म्हटले. विश्वस्ताला हिशेब दाखवावाच लागतो, आणि हिशेब दाखवणे म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारण्याची मुभा देणे. खासगी मालकाला हे लागू नाही असे मी मानत नाही. त्याच्या घराचे हप्ते, घरपट्टी, पाण्याच्या टँकरचा खर्च हे खरे आहेत, आणि तेच भाडेकरूपुढे ठेवले तर दोघांना पटणारा आकडा निघण्याचा संभव वाढतो.

म्हणून सार्वजनिक घरे वा गाळे भाड्याने देणाऱ्या प्रत्येक संस्थेला आणि आपल्या घरात कुटुंब ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे की, नव्या वर्षाचा आकडा लिहिण्यापूर्वी किमान एक महिना आधी वाढीची कारणे लेखी द्यावीत, उत्तरासाठी अवधी द्यावा, आणि आलेले उत्तर वाचून मगच आकडा लिहावा.