बागेतला वाघ आणि बांधावरचा वाघ

शास्त्रवाचन : ईयोब ३८:३९ ते ३९:३०, निर्गम २१:३३, ३४

शलमोन राजाची जहाजे तीन वर्षांतून एकदा परत येत, तेव्हा त्यांत सोने, रुपे व हस्तिदंत यांच्याबरोबर वानरे आणि मोरही असत, अशी नोंद राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे. हे मोर आपल्याच देशाच्या किनाऱ्यावरून गेले असावेत, असे पुष्कळ शास्त्री मानतात. यरुशलेमच्या मुलाबाळांनी राजवाड्याच्या अंगणात तो पिसारा डोळे विस्फारून पाहिला असेल. आणि तोच मोर आमच्या पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या बागेत पहाटे ओरडून राखणदाराची झोप मोडतो! दूरचे जनावर नवलाचे आणि जवळचे त्रासाचे, हा मनुष्यस्वभाव शलमोनाच्या काळापासूनचा आहे.

आजची मोठी प्राणिसंग्रहालये याच स्वभावावर उभी आहेत. पूर्वी पिंजऱ्यांच्या रांगा असत. सिंहाशेजारी अस्वल, अस्वलाशेजारी माकड. जर्मनीतील हागेनबेक नावाच्या प्राणिव्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गज काढून टाकले, खंदक खणले आणि आफ्रिकेचा देखावा उभा केला. तेव्हापासून नकाशाप्रमाणे बाग आखण्याची रीत पडली. इकडे आफ्रिका, तिकडे आशिया, पलीकडे ध्रुवप्रदेश, तिकीट एकच. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या जातीचे पेंग्विन आणले, तेव्हा भायखळ्याच्या उकाड्यात त्यांच्यासाठी थंडगार खोली बांधावी लागली. ती पाहायला लोकांची रीघ लागली, हे सांगायला नकोच.

आमच्या भागातल्या संडेस्कूलांची सहल मात्र नागपूरपलीकडे सहसा जात नाही. सौसरची मुले सावनेरवरून मोटारीने, पांढुर्ण्याची काटोलमार्गे आगगाडीने. पूर्वीच्या पिढ्यांनी महाराजबाग पाहिली. भोसल्यांच्या त्या बागेत १८९४ पासून प्राणी आहेत. हल्ली मुले गोरेवाड्याचे नाव घेतात. काटोल रस्त्यावरील हे उद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झाले. त्याची आखणीही प्रदेशवारच. आधी भारतीय सफारी झाली. आफ्रिकेची सफारीही योजनेत धरलेली. भारतीय सफारीत वाघ, बिबट्या, अस्वल व तृणभक्षक प्राणी आपापल्या कुंपणात मोकळे फिरतात आणि पाहणारा बंद बसमध्ये बसतो. पिंजऱ्यात कोण आहे, असा प्रश्न एखादे चुणचुणीत मूल विचारतेच. शिक्षकांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

कारण देवाने ईयोबाला जी सहल घडवली, तिच्यात हाच प्रश्न आहे. ईयोब राखेत बसलेला, अंगभर फोड, लेकरे गेलेली. त्याने देवाला जाब विचारला, आणि देवाने उत्तरादाखल त्याला जनावरे दाखवली! सिंहीण, कावळ्याची पिल्ले, रानशेळी, रानगाढव, रानबैल, शहामृग, घोडा, ससाणा, गरुड. यांत घोडा तेवढा माणसाच्या उपयोगाचा. बाकी एकही गाडीला जुंपता येत नाही, एकाचेही दूध काढता येत नाही. रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, असे देव विचारतो. ते नगराच्या गोंगाटाला हसते. शहामृगी तर अंडी मातीत टाकून निघून जाते, तिला अक्कल दिलेलीच नाही, असे सांगतानाही देवाच्या बोलण्यात कौतुक आहे. आणि जेथे मनुष्यवस्ती नाही, अशा रानावर तो पाऊस पाडतो. कशासाठी? आमच्यासाठी नव्हे, एवढे तर नक्की.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सत्तेचे वचन आम्हांला तोंडपाठ असते. दुसऱ्या अध्यायात त्याच माणसाला बाग मशागत करून राखण्यासाठी दिली आहे, हे तितके पाठ नसते. राखणे हा शब्द आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

राखणे किती जड असते, हे गोरेवाड्यातच दिसले. तेथील बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या पशुरोग संस्थेत तपासले, तेव्हा बर्ड फ्लू निघाला. ही जनावरे चंद्रपूरच्या बाजूची. माणसांशी संघर्ष झाला म्हणून धरून आणलेली. रोग खाण्यातून गेला असावा, असा संशय व्यक्त झाला. कोणाला बोल लावण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण रानातला सिंह आपले अन्न देवाजवळ मागतो, असे १०४ वे स्तोत्र सांगते. कुंपणातला वाघ ते आमच्याजवळ मागतो. त्याच्या ताटात काय पडते, त्याचा हिशेब मग आमच्याकडेच आला.

आता घराजवळ येऊ या. सौसर आणि पांढुर्णा ही गावे २०२३ साली झालेल्या नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली, परंतु जनावरांना जिल्ह्याची हद्द कळत नाही. एका बाजूस पेंचचे रान, दुसऱ्या बाजूस सातपुड्याचे. वाघाची तरणी पिल्ले नवी जागा शोधत या दोहोंमधल्या पट्ट्यातून, छिंदवाड्याच्या मुलुखातून, हिंडतात. वाटेत आमची शेते आहेत. पेंचच्या एका वाघिणीने, जिला लोक कॉलरवाली म्हणत, आठ वेतांत एकोणतीस पिल्ले दिली आणि १५ जानेवारी २०२२ रोजी ती वारली तेव्हा भोवतालच्या गावकऱ्यांनी हार-फुले वाहून तिला निरोप दिला. ही माया खरी आहे. आणि ज्याची दुभती गाय रात्री ओढून नेली, त्याचा संतापही खरा आहे. पोळ्याला ज्या बैलाची शिंगे रंगवली, तो दिवाळीआधी बांधावर अर्धवट खाल्लेला सापडावा, यापरते दुःख शेतकऱ्याला थोडे. व्यासपीठावरून अशा माणसाला सृष्टीप्रेमाचा उपदेश करणे सोपे, पण ते आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

त्याच १०४ व्या स्तोत्रात वेळेची एक वाटणी आहे. रात्र रानातल्या पशूंची. सूर्य उगवला की ते आपल्या गुहांत जातात आणि मनुष्य संध्याकाळपर्यंत कामासाठी बाहेर पडतो. सुंदर वाटणी आहे. मात्र ओलिताची वीज बहुतेक रात्रीच मिळते, तेव्हा मनुष्याने काय करावे? तो कंदिलाऐवजी बॅटरी घेऊन पशूंच्या पाळीत शेतावर जातो. ही वाटणी वाघाने मोडलेली नाही आणि शेतकऱ्यानेही नाही. दिवसा वीज मागणे हे या दृष्टीने वाघाच्याही भल्याचे मागणे आहे.

परंतु एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. रानडुकरे मका आणि भुईमूग उकरतात, रोही हरभरा फस्त करतात, म्हणून काही ठिकाणी विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताभोवती जिवंत तार सोडली जाते. डुकरासाठी सोडलेल्या अशा तारेने वाघ मेले आहेत, बिबटे मेले आहेत, शेजाऱ्याची गुरे मेली आहेत आणि पहाटे परसाकडे निघालेली माणसेही मेली आहेत. हे कायद्याने गुन्हा आहेच. पण आपण निर्गमाचा एकविसावा अध्याय वाचू. एखाद्याने खड्डा खणला, तो झाकला नाही, आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर भरपाई खड्ड्याच्या धन्याने करावयाची. खणताना त्याच्या मनात काय होते, हे नियमशास्त्र विचारतच नाही. त्याचा हेतू चांगलाही असेल, पाणी काढण्याचा असेल. खड्डा उघडा होता, एवढे पुरे. जिवंत तार हा दिसत नसलेला उघडा खड्डा आहे, आणि तो रोज रात्री नव्याने खणला जातो.

तार काढा म्हणणाऱ्या मंडळीवर मग दुसरा बोजा येतो. ज्याचे जनावर गेले त्याच्याकडे त्याच दिवशी दोन वडील जावेत. मेलेले जनावर जागेवरून न हलवता वनरक्षकाला कळवणे, पंचनामा होईपर्यंत थांबणे, भरपाईचा अर्ज भरणे, ही कामे एकट्याने, अर्धशिक्षित माणसाने, शेत सोडून करावयाची म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून तो अर्जच करीत नाही आणि मनात डूख धरतो. अर्ज लिहून देणारा एक तरुण प्रत्येक मंडळीत निघावा. आम्हांला हे प्रार्थनासभेइतकेच महत्त्वाचे काम वाटते.

संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी थोडे. नोहाच्या तारवाचे चित्र काढा म्हटले की प्रत्येक वहीत खिडकीतून जिराफाची मान बाहेर येते. फ्लॅनेलग्राफच्या दिवसांपासून हे चालत आले आहे, कारण चित्रे परदेशांतून येत. त्या अध्यायात जिराफाचे नावही नाही. आमच्या मुलांना झेब्रा ओळखता येतो, पण खवल्या मांजर म्हटले तर ती एकमेकांकडे पाहतात. आणि हे गरीब जनावर आमच्याच डोंगरात राहते, मुंग्या-वाळवी खाते, भ्याले की अंगाचे वेटोळे करते आणि खवल्यांच्या लोभापायी मारले जाते. आदामाने जनावरांना नावे दिली ती समोर पाहून दिली. तेव्हा तारवात तडस येऊ द्या, अस्वल येऊ द्या, रोही, साळिंदर, घोरपड येऊ द्या.

दूरचे प्राणी पाहूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आमच्याच मध्यप्रदेशात कुनोच्या रानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते सोडले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा. आपल्या देशातला चित्ता १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला होता. आणलेल्यांपैकी काही मेले, काहींना पिल्ले झाली. जवळचे जनावर गमावले की ते दूरचे होऊन बसते आणि मग समुद्रापलीकडून विमानाने आणावे लागते. शलमोनाच्या जहाजांना तीन वर्षे लागत. आम्हांला सत्तर लागली.

तेव्हा नाताळच्या सुट्टीत गोरेवाड्याची सहल जरूर काढावी. मात्र आधीच्या रविवारी प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या शिवारात दिसणाऱ्या प्राण्यांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून आणावीत आणि प्रत्येक नावापुढे आजी-आजोबा त्याविषयी काय म्हणाले, तेही लिहावे. रानडुकराच्या नावापुढे काय लिहून येईल, याची आम्हांला कल्पना आहे. तारेचा विषय तेथे निघेल. वडीलमंडळाच्या सभेत निघण्यापेक्षा तो घरी, जेवणाच्या पंगतीत, नातवाच्या तोंडून निघालेला बरा.