माप कुणाचे?

'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या बोलीत रुळलेला आहे. पाप असते ते माप धरणाऱ्या हाताचे, असे आपण मानतो. परंतु हात प्रामाणिक असूनही माप अन्यायी असू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला अठराव्या शतकातील फ्रान्सकडे वळावे लागते.

त्या काळी तेथे गावोगावची मापे निराळी होती. नाव एकच, पण एका गावच्या मापातील धान्य शेजारच्या गावच्या मापात मावत नसे. जमीनदार आपला धान्यरूपी सारा स्वतःच्याच मापाने वसूल करी. घेताना शीग लावावी, देताना सपाट भरावे, ही युक्ती तेथेही ठाऊक होती. कुळाने दाद मागावी कोणाकडे? १७८९ साली राजापुढे ठेवण्यासाठी गावोगावी गाऱ्हाणी लिहिली गेली, तेव्हा 'एकच वजन, एकच माप' ही मागणी त्यांत वारंवार उमटली. ती दुबळ्यांची हाक होती.

मग विद्वानांनी कोणाचीच मालकी नसलेले माप निवडले. पृथ्वी सर्वांची, म्हणून उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. १७९२ साली देलांब्र व मेशँ हे खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना मोजणी करण्यास निघाले. क्रांती आणि युद्ध यांच्या धामधुमीत हे काम सहा वर्षे चालले.

बार्सिलोनाच्या अक्षांशात मेशँला किंचित तफावत आढळली. लज्जेपोटी त्याने ती लपविली. १७९९ साली प्लॅटिनमचा मीटर पॅरिसच्या दप्तरखान्यात विधिपूर्वक ठेवला गेला. मेशँच्या मनाची टोचणी मात्र थांबली नाही. पुन्हा मोजणीसाठी तो स्पेनला गेला आणि १८०४ साली तेथेच तापाने वारला. त्याचे कागद हाती आल्यावर देलांब्रला सारे उमगले. त्याने ते नष्ट केले नाहीत. वेधशाळेत जपून ठेवले.

आम्हांला या कथेचा हा शेवट फार मोलाचा वाटतो. मेशँचा अपराध चुकण्यात नव्हता, झाकण्यात होता. समान माप म्हणजे अनोळखी माणसांनी परस्परांना दिलेला शब्द. मोजणाऱ्याने सत्य दडविले की तो शब्द पोकळ होतो. एकाच पिशवीत लहानमोठी दोन वजने बाळगू नयेत, असे जुन्या करारातील नियमशास्त्र बजावते, ते याचसाठी.

आपल्या देशातही शेर आणि मण प्रांतोप्रांती बदलत असत. १९५६ च्या कायद्याने त्यांची जागा किलोग्रॅम व मीटर यांना दिली. पुढे २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमचीही व्याख्या बदलली. तोवर जगाचा किलोग्रॅम पॅरिसजवळ तीन किल्ल्यांच्या तिजोरीत जपलेला धातूचा एक लहान दंडगोल होता. आता तो निसर्गातील एका अचल राशीवर आधारलेला आहे. जमीनदाराच्या वाड्यातून निघालेले माप अखेर सर्व कुलपांबाहेर आले.

तरीही तराजूची दांडी कोणाच्या तरी हातातच राहणार. माप आता कुणाचेच नाही. हात मात्र आपलाच आहे.