फर्स्ट कॉपी

गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर जुने गाणे ऐकण्याची मला सवय आहे. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून मी ते कानात घालून ऐकतो. पण मुलाने दिलेल्या नव्या फोनला वायर खोचायची जागाच नव्हती. २०१६ साली ॲपलने आपल्या आयफोनवरून ती जागा काढून टाकली आणि त्याच वर्षी बिनवायरीचे एअरपॉड्स विकायला आणले. मग एकामागून एक इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. जी वस्तू पूर्वी फोनच्या खोक्यात फुकट मिळत असे, ती आता वेगळी विकत घेणे आले.

म्हणून खडेबाजारात गेलो. रस्त्याच्या कडेला एका पोराने हातगाडीवर फोनची कव्हरे, चार्जर आणि हेडफोन मांडले होते. त्यातल्या एका पांढऱ्या खोक्यावर एका बड्या परदेशी कंपनीचे नाव आणि खूण होती. किंमत साडेतीनशे रुपये. अस्सल वस्तूला वीस हजारांहून अधिक मोजावे लागतात, हे मलाही ठाऊक होते. माझ्या चेहऱ्यावरची शंका ओळखून पोरगा म्हणाला, "फर्स्ट कॉपी हाय ओ सर, ओरिजिनल न्हवं. साडेतीनशेला ओरिजिनल कुठलं येतंय? खोटं कशाला सांगू तुम्हाला?"

मला त्याचे कौतुक वाटले. मी पैसे दिले आणि घरी आलो.

'फर्स्ट कॉपी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. नकलीतही प्रतवारी आहे आणि हा त्यातला पहिल्या वर्गात पास झालेला माल आहे, असा दिलासा त्यात असतो. कायदा अर्थातच ही प्रतवारी मानत नाही. १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा २००३ साली अमलात आला. त्याप्रमाणे खोटी व्यापारी खूण असलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. मात्र स्वतःच्या वापरासाठी तो विकत घेणाऱ्याला त्या कलमात शिक्षा नाही. म्हणजे हातगाडीवरचा पोरगा गुन्हेगार आणि मी निर्दोष. पुढे जे घडले त्यावरून मला वाटू लागले की, निदान आम्हा दोघांपुरते तरी नेमके उलटे होते. खरे बोलला तो पोरगा. खोटे वागलो मी.

घडले ते असे. आठवडाभराने वाचनालयात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तो काम करतो. गाण्याचा नाद त्याला शाळेपासूनचा. माझ्या हातातली पांढरी डबी पाहून तो म्हणाला, "सर, हे घेतलात? माझ्या मनात कधीपासून आहे. तुम्ही दर्दी माणूस. तुम्ही घेतलं म्हणजे चांगलंच असणार." मी हसलो आणि डबी खिशात घातली. 'अरे, हे साडेतीनशेचे आहे' हे चार शब्द काही तोंडातून बाहेर पडले नाहीत.

धर्मराजाने अश्वत्थामा मेला असे सांगताना, हत्ती हा शब्द निदान हळू आवाजात का होईना, उच्चारला होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझा रथ मुळातच जमिनीवरून चालणारा, त्यामुळे खाली टेकण्याचा प्रश्न नव्हता. पण त्या रात्री गाण्यात लक्ष लागले नाही, एवढे खरे.

नकली वस्तू जाणूनबुजून घेणाऱ्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. मला कोणी फसवले नाही. मला सगळे ठाऊक होते. त्या कंपनीचे माझ्यामुळे काही बुडाले नाही, कारण वीस हजार मी एरवीही देणार नव्हतो. शिवाय तिच्या किमतीत वस्तूची किंमत किती आणि नावाची किती, हे तिचे तिलाच ठाऊक. गरिबाने त्या नावाचे ओझे का वाहावे? हातगाडीवाल्याचे पोट भरले, माझे काम झाले, मग बिघडले कुठे?

यातले शेवटचे दोन मुद्दे जरा तपासून पाहू. नावाची किंमत फाजील आहे, हे क्षणभर मान्य करू. मग बिननावाचे घ्यावे! आज हजार रुपयांच्या आत, आपल्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे कितीतरी हेडफोन बाजारात आहेत. ते स्वस्त आहेत, खोटे नाहीत. स्वस्त असणे हा वस्तूचा दोष नव्हे आणि स्वस्त घेणे हा माणसाचाही दोष नव्हे. पण मी त्यांतले एकही घेतले नाही. मला ती पांढरी डबीच हवीशी वाटली. ज्या नावाला मी फाजील म्हणत होतो तेच नाव मला हवे होते, फक्त फुकट हवे होते. यात बुडाली असेल तर ती परदेशी कंपनी नव्हे. बुडाला तो स्वतःच्या नावाने साधा माल विकणारा. त्याने खोटी खूण लावली नाही, म्हणून त्याचा माल माझ्या नजरेत भरला नाही.

आणि फसवले गेले कोण? विकणाऱ्याने सांगितले, घेणाऱ्याने ऐकले. दोघांच्या व्यवहारात लपवाछपवी नव्हती. पण खूण ही घेणाऱ्यासाठी थोडीच असते? ती पाहणाऱ्यासाठी असते. बाजारात सुरू झालेले खोटे मी माझ्या खिशातून वाचनालयापर्यंत वाहून नेले आणि तिथे ते माझ्या विद्यार्थ्याला विकले. पैसे घेतले नाहीत, त्याचा आदर घेतला. कौटिल्याने अर्थशास्त्रात खोटा माल खरा म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रजेच्या वाटेतल्या काट्यांत गणले आहे. तो काटा गिऱ्हाइकाच्या हातूनही पेरला जातो, हे मला या वयात कळले.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना आडमार्गाचा माल काही नवा नाही. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज होते, तेव्हा तिकडची घड्याळे आणि फौंटनपेने घाट चढून इकडे येत. तो माल अस्सल असे, चोरटी असे ती वाट. पुढे उल्हासनगरच्या मालावरच्या 'यू.एस.ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगून लोक हसत. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी छावणीत पुन्हा संसार उभा केला, त्या कष्टांकडे हसणाऱ्यांचे लक्ष क्वचितच गेले. चीनमध्ये अशा मालाला 'शानझाय' म्हणतात. मूळ अर्थ डोंगरातला बंडखोरांचा गड. शेन्झेन शहरातल्या ह्वाछियांगबेई बाजाराचे नाव या संदर्भात जगभर झाले. त्या शब्दात बड्यांविरुद्ध धाकट्यांचे बंड आहे, आणि त्या बंडाविषयी मला सहानुभूतीही आहे. पण बंडखोराने राजाचाच मुकुट घालून मिरवायचे ठरवले, तर ते बंड कसले?

नक्कल वाईट, असे मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गात असे आणि लोक चकित होत. ती नक्कलच होती. पण ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते की, गातो आहे तो समोरचा मुलगा. तोच पुढे मुंबईत प्रा. देवधरांकडे शिकला, क्षयाने आजारी पडून देवासला गेला, काही वर्षे त्याला गाणे बंद ठेवावे लागले, आणि त्यातून उठला तेव्हा कुमार गंधर्वांचे गाणे कोणाचीच प्रत राहिले नव्हते. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी होऊ शकते. खोटी सही ही कशाचीच पायरी नसते.

मी त्या साडेतीनशेच्या यंत्रातून कुमारांचे गाणे ऐकले, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खालचे सूर त्यात मुद्दाम फुगवलेले होते. तबल्याचा डग्गा घुमत होता, आणि तानपुऱ्याची जवारी, जिच्यावर सगळे गाणे उभे असते, ती जवळजवळ ऐकूच येत नव्हती. चटकन कानात भरते ते सारे होते. शांतपणे ऐकल्यावर कळते ते नव्हते. शिवाय बाहेरचा गोंगाट आत येई, म्हणून आवाज वाढवावा लागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या कानांनी आठवड्याला ऐंशी डेसिबलचे चाळीस तास, एवढेच सोसावे. आवाज त्याहून वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात.

पण वस्तू चांगली निघाली असती, तर माझे वागणे बरोबर ठरले असते का? नाही. म्हणून हा मुद्दा मी शेवटी ठेवला.

दहा-बारा दिवसांनी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि सगळे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलात सर. पुढच्या महिन्यात हप्त्यावर घेणार होतो मी. बायको नको म्हणत होती. मी तिला तुमचंच नाव सांगितलं होतं."

खोक्यावरचे नाव खोटे होते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्या घरात माझेही नाव खूण म्हणून चालत होते, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

आता माझ्याकडे आठशे रुपयांचे एक साधे यंत्र आहे, त्यावर बनवणाऱ्याचे खरे नाव आहे. पांढरी डबी टेबलाच्या खणात पडून आहे. ती कोणाला द्यावी, हे मला अजून सुचलेले नाही.