दुरुस्तीसाठीच बनवलेली गाडी

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. १९६१ पासून तिथे जावा मोटरसायकल तयार होत होती. १९७३ पासून तिथली गाडी येझदी या नावाने बाहेर पडू लागली. कारखान्याबरोबर डीलर गेले, सुट्या भागांची कोठारं हळूहळू रिकामी झाली. आता उरलेल्या गाड्या भंगारात जातील असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या अजून रस्त्यावर आहेत, आणि दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांचे मालक गावोगावी एकत्र जमतात. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली खरी, पण त्या नव्या, फोर-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनातलं काहीही आमच्या टू-स्ट्रोक इंजिनाला बसत नाही.

माझी येझदी सत्तरच्या दशकातली, अडीचशे सीसीची, सहा व्होल्टची. मी ती कोल्हापुरात कामाला वापरतो. एवढ्या कटकटीची गाडी कशाला, असं लोक विचारतात. कटकट आहे, हे आधीच कबूल करतो. पेट्रोल भरलं की लिटरमागे तीस-चाळीस मिली ऑइल मोजून घालायचं. हेडलाइटचा उजेड असा की पावसाळी रात्री रस्ता निम्मा अंदाजानेच ओळखायचा. प्लग काळा, ओशट झाला की हवा-पेट्रोलचं मिश्रण जड. पांढराफटक झाला की हलकं, आणि हलकं जास्त धोक्याचं, कारण मग पिस्टन पकडतो. प्लगचं टोक बदामी रंगाचं निघालं की मनाला स्वस्थता मिळते.

पण खरा वैताग आणतात ते नव्याने बनवलेले पार्ट. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचंच घ्या. दोन पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी. एक बाजू फायबरच्या छोट्या टाचेवर कॅमला घासत उघडझाप करते. जुन्या पॉइंटची टाच वर्षानुवर्षं टिकायची. आता मिळणाऱ्या कित्येक पॉइंटचं फायबर इतकं मऊ असतं की थोड्याच दिवसांत टाच झिजते, फट मिटत येते, ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी बंद पडत नाही, नुसती मंदावते. सपाटीला कळतही नाही, चढाला कळतं.

एकदा साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडीने चार आचके दिले आणि थांबली. दहा-पंधरा मिनिटं निवू दिली तर पहिल्या किकला सुरू, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. कार्बोरेटरला पेट्रोल नीट येत होतं. प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारली, तर ठिणगी बारीक आणि पिवळसर. मग उजवीकडचं कव्हर काढून पॉइंटकडे पाहिलं. पॉइंट उघडताना तिथेच निळी-पांढरी जाड ठिणगी उडत होती. जी ताकद कॉइलमधून प्लगला जायची, ती पॉइंटवरच जळत होती. पॉइंटवरची ही ठिणगी दाबून धरणं हे कंडेन्सरचं काम, आणि तो तापला की काम सोडत होता. गंमत म्हणजे तो नुकताच घेतलेला, पाकीटबंद होता. हत्यारांच्या पिशवीत पडलेला जुना कंडेन्सर लावला आणि घाट चढलो.

हा प्रसंग सांगितला, कारण या गाडीचा मोबदला कुठे मिळतो ते त्यात आहे. वेगात तो नाही, आणि लोकांनी वळून बघण्यातही फारसा नाही. या यंत्रात काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, हाताला लागतं. रोज वापरातल्या किती वस्तूंबद्दल आज असं म्हणता येईल? फोन, मिक्सर, गाडी. सगळं बंद डब्यात. डबा बिघडला की दुसरा आणायचा. नव्या इंजेक्शनच्या गाड्या जास्त भरवशाच्या आहेत, कमी धूर सोडतात, हे निर्विवाद. पण त्या आपल्याला फक्त चालवता येतात. येझदी समजून घेता येते, आणि समजलेली वस्तू आपली वाटण्यात जो आनंद आहे त्याला मी फार मोठं स्थान देतो.

अर्थात ही समज मी पुस्तकातून मिळवलेली नाही. ज्या मिस्त्रींकडे मी जातो ते आधी गाडी सुरू करायला लावतात आणि शेजारी नुसते उभे राहतात. मी घाईने पाना उचलला की म्हणतात, "आधी ऐक की जरा. ती सांगतीया न्हवं." एकदा गाडी सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडू लागली. मी ऑइलचं प्रमाण तपासत बसलो. त्यांनी गिअरबॉक्समधलं ऑइल बघितलं. ते कमी झालं होतं, पण जमिनीवर एक थेंब नव्हता. म्हणजे क्रँकचं सील कडक झालं होतं आणि इंजिन ते ऑइल आत ओढून जाळत होतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, म्हणून तिथलं सील गेलं की सगळाच ताळ सुटतो. सील बदललं, धूर थांबला. जो पार्ट मिळतच नाही तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळतो: एखादा बुश, एखादी पिन, आटे गेलेल्या भोकासाठी स्लीव्ह. कारखाना बंद होऊन तीन दशकं होत आली तरी गाडी चालते ती या हातांच्या जिवावर. आणि या हातांना काम मिळत राहिलं तरच त्यांची विद्या पुढच्या पोरांकडे जाईल.

म्हणूनच केंद्र सरकारचा २०२१ चा व्हिंटेज वाहनांचा नियम मला खटकतो. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठी फेरदुरुस्ती न झालेली गाडी व्हिंटेज. तशी नोंदणी झाली की ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. एरवी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. जुन्या गाड्यांना वेगळी ओळख मिळाली हे चांगलंच झालं. पण त्यामागची जतनाची कल्पना मला पटत नाही. जावा-येझदीचा सिलिंडर झिजणार हे कारखान्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर बोअर करून बसवायला पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे पिस्टन निघत. सिलिंडर वाढवा, नवा पिस्टन घाला, पुढे चला, हे बनवणाऱ्यांनीच ठरवून ठेवलं होतं. मग बोअर केलेलं इंजिन मूळ रूपापासून दूर गेलं असं कसं म्हणायचं? दुरुस्ती हा या गाडीच्या मूळ रूपाचाच भाग आहे. काचेमागे ठेवलेल्या, पेट्रोल काढून घेतलेल्या येझदीचा रंग टिकेल. पण सील वाळतील, टाकी आतून गंजेल, आणि तिचा आवाज ओळखणारा माणूस उरणार नाही.

धुराचा आक्षेप मात्र मी उडवून लावत नाही. टू-स्ट्रोक इंजिन ऑइल जाळतं, आणि थोडं मिश्रण न जळताच बाहेर टाकतं. हे खरं आहे आणि त्यावर युक्तिवाद नाही. म्हणून माझं म्हणणं असं की अशी गाडी ठेवणाऱ्याने ती नीट ठेवावी: ऑइल अंदाजाने ओतू नये, सायलेन्सरमधला कार्बन वेळच्या वेळी काढावा, सील गेलं तर त्याच आठवड्यात बदलावं. नुसती मिरवायला धूर सोडत फिरणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

आता इथेनॉलचाही विचार करावा लागतो. आमचा जिल्हा उसाचा. इथेनॉलला नावं ठेवणं इथे कुणाला शोभणार नाही. पण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या रबराला फुगवतं. पेट्रोलचा पाइप आणि वॉशर आजच्या इंधनाला टिकणारे घालावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. खर्च फार नाही.

तुमच्या घरी, गोठ्यात किंवा जिन्याखाली वडिलांची, आजोबांची अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर आधी तिचं आरसी पुस्तक शोधा आणि नोंदणीची मुदत बघा. मग टाकी धुऊन घ्या, सील आणि पॉइंट बदला, आणि जवळपास एखादे जुने मिस्त्री अजून काम करत असतील तर गाडी त्यांच्याकडे न्या. त्यासाठी निवृत्तीची वाट बघू नका. तोपर्यंत मिस्त्रींचं दुकान उघडं असेलच असं नाही.